सिलिंडर इतक्या लवकर का संपतो? स्कुबा डायव्हिंगमधल्या हवेचा हिशेब

ओपन वॉटर कोर्स झाला की पुढच्या डाइव्हनंतर बोटीवर एक प्रश्न हमखास येतो: "तुझे किती बार उरले?" एकाच वेळी पाण्यात उतरलेल्या दोघांपैकी एकाच्या गेजवर (सिलिंडरमधला दाब बारमध्ये दाखवणाऱ्या काट्यावर) ९० असतात, दुसऱ्याच्या गेजवर ४०. चाळीसवाला ओशाळतो आणि पुढच्या डाइव्हला श्वास चोरायला लागतो. नेमकं तेच करायचं नसतं. श्वास चोरणारा माणूस बहुतेक वेळा आणखी हवा खातो आणि वर डोकेदुखी घेऊन येतो. हवा श्वासातून जाते हे खरं, पण श्वास वाढायची कारणं दुसरीकडे असतात: कमरेला वजन म्हणून बांधलेल्या शिशात, खाली लोंबणाऱ्या पायांत, उगाचच्या घाईत. ती शोधून काढली की श्वास आपला आपण उतरतो.

हे सगळं कोर्स झालेल्यांसाठी आहे. मालवण-तारकर्लीला पर्यटक म्हणून जी छोटी डाइव्ह करतात, तिच्यात इन्स्ट्रक्टर तुम्हाला धरूनच असतो. तिथे हा हिशेब त्याच्यावर सोडावा आणि मासे बघावेत.

खोली हवा कशी खाते

सिलिंडरमध्ये ऑक्सिजन भरलेला नसतो. आपण एरवी घेतो तीच हवा गाळून, दाबून भरलेली असते. आपल्याकडच्या बहुतेक डाइव्ह सेंटरवर मिळतो तो 'ॲल्युमिनियम ८०'. त्याच्या आतली जागा ११.१ लिटर. २०० बारला भरला की त्यात साधारण २,२०० लिटर हवा मावते. गेज पीएसआयमध्ये असेल तर आकड्याला १४.५ ने भागा, बार मिळतील.

रेग्युलेटर, म्हणजे तोंडात धरून ज्यातून श्वास घेतो ते यंत्र, तुम्हाला भोवतालच्या पाण्याचा जो दाब असेल त्याच दाबाची हवा देतो. समुद्रसपाटीला हा दाब १ बार असतो आणि पाण्यात दर १० मीटरला आणखी १ बार वाढतो. म्हणजे १० मीटरवर २, २० वर ३, ३० वर ४. फुप्फुसांची जागा तेवढीच राहते, पण ती भरायला ३० मीटरवर वरच्या चौपट हवा लागते. रॉबर्ट बॉइलने १६६२ साली मांडलेला वायूचा नियम तुमच्या गेजच्या काट्यात असा दिसतो.

समजा वर तुम्हाला मिनिटाला १८ लिटर हवा लागते आणि २०० पैकी ५० बार राखून ठेवायचे आहेत. वापरायला उरली साधारण १,६६५ लिटर. ती १० मीटरवर ४६ मिनिटं पुरेल, २० मीटरवर ३१ आणि ३० मीटरवर जेमतेम २३. म्हणून "माझा सिलिंडर पाऊण तास चालतो" या वाक्याला खोली सांगितल्याशिवाय अर्थ नाही. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळच्या उथळ पाण्यात तासभर रमणारा माणूस आंग्रिया बँकेवर गेला, तर अर्ध्या तासात परतीच्या विचाराला लागेल. विजयदुर्गच्या पश्चिमेला शंभरेक किलोमीटरवरच्या या बुडालेल्या पठाराचा माथाच मुळी २० मीटरच्या आसपास खोल आहे.

आधी मोजा, मग सुधारा

खोलीचा परिणाम वजा करून उरणारा आकडा म्हणजे सॅक रेट: समुद्रसपाटीच्या हिशेबाने मिनिटाला लागणारी हवा. काढायला सोपा आहे. वापरलेले बार गुणिले सिलिंडरचं आकारमान, भागिले मिनिटं, भागिले सरासरी खोलीचा दाब. सरासरी खोली डाइव्ह कॉम्प्युटर देतो. तिला १० ने भागून १ मिळवलं की दाब मिळतो.

उदाहरणार्थ, ३० मिनिटांत २०० वरून ८० बार, सरासरी खोली १४ मीटर. १२० गुणिले ११.१ म्हणजे १,३३२ लिटर. भागिले ३० म्हणजे मिनिटाला ४४.४. दाब २.४, म्हणून सॅक १८.५ लिटर. सरावलेल्या डायव्हरचा आकडा १२ ते १५ मध्ये दिसतो, नवख्याचा २० ते २५ किंवा त्याहून जास्त. उंच-धिप्पाड माणसाला जास्त हवा लागणारच. सडपातळ बडीशी (पाण्यातल्या जोडीदाराशी) स्पर्धा लावू नका, स्वतःच्या मागच्या महिन्याच्या आकड्याशी लावा.

एका डाइव्हचा एकच आकडा मात्र फारसं सांगत नाही. त्यापेक्षा दोन आकडे काढा. बडीला आणि गाईडला आधी सांगून ठेवा, शांत पाण्यात १० मीटरवर या, आणि १० मिनिटं एकाच जागी जवळजवळ न हलता तरंगा. समजा १६० चे १४० झाले: २० बार, म्हणजे २२२ लिटर, मिनिटाला २२.२, दाबाने भागून ११ लिटर. मग त्याच खोलीवर १० मिनिटं नेहमीसारखं पोहा. समजा ३२ बार गेले: सॅक जवळपास १८. आता दुखणं कुठे आहे ते कळलं. हा माणूस स्थिर असताना उत्तम आहे, त्याची हवा पोहण्यात जाते. त्याने पायांकडे, शरीराच्या कोनाकडे आणि वेगाकडे बघावं. याउलट नुसतं तरंगतानाच १८-२० लागत असतील तर शिसं जास्त आहे, भीती आहे, थंडी वाजते आहे किंवा कुठेतरी गळती आहे. पुढचं सगळं वाचताना तुमचे हे दोन आकडे जवळ ठेवा.

आणखी एक गोष्ट, कारण कोकणातल्या उन्हात ती हमखास घडते. बोटीवर तापलेला सिलिंडर ४५ अंशांना २०० बार दाखवतो आणि २८ अंशांच्या पाण्यात थंड झाला की १९० च्या खाली येतो. तुम्ही ती हवा प्यायलेली नसते. म्हणून सुरुवातीचा आकडा बोटीवर घेऊ नका. पाण्यात पाचेक मिनिटं गेल्यावर घ्या.

गळती

हे पटकन उरकण्याजोगं काम आहे, तरी कोणी करत नाही. उतरल्यावर पाचेक मीटरवर थांबून एकमेकांभोवती फिरा आणि बुडबुडे बघा: फर्स्ट स्टेजजवळची, म्हणजे रेग्युलेटर सिलिंडरला जोडतो तिथली ओ-रिंग (रबरी कडी), गेजच्या नळीचा सांधा, बीसीडीचा (तरंगण्यासाठी हवा भरायच्या जॅकेटचा) इन्फ्लेटर. ऑक्टोपस, म्हणजे बडीसाठीचं जादा तोंड, वर तोंड करून लोंबत असेल तर उडी मारताना फसफसून बरीच हवा सोडतो. त्याचं तोंड खाली राहील असा अडकवा. बारीक बुडबुड्यांची एखादी माळ डाइव्हभरात फार हवा नेत नाही, पण ओ-रिंग मधूनच फाटू शकते, म्हणून गळती दिसली तर वर जाऊन ती बदलून घेणंच बरं.

मास्क गळत असेल तर दर दोन मिनिटांनी नाकाने फुंकून पाणी काढावं लागतं, आणि प्रत्येक वेळी मनही थोडं बिथरतं. स्वतःचं एकच साहित्य घेण्याइतके पैसे असतील तर ते आपल्या चेहऱ्याला बसणाऱ्या मास्कवर घाला. बाकी सगळं भाड्याने चालतं.

शिसं: खरा चोर इथे आहे

बहुतेक नवे डायव्हर गरजेपेक्षा जास्त वजन बांधून फिरतात. यात त्यांची एकट्याची चूक नसते. गर्दीच्या दिवशी बोटीवर "दोन किलो जास्तच घ्या, पटकन खाली जाल" असं सांगणं सोयीचं असतं. शिवाय पहिल्या मिनिटाला खरंच खाली जाता येत नाही, आणि त्याचा दोष वजनावर येतो.

त्या पहिल्या मिनिटात काय होतं ते पाहा. घाबरलेला माणूस छाती भरून श्वास घेतो आणि अर्धाच सोडतो. फुप्फुसात अडकलेली प्रत्येक लिटर हवा त्याला एक किलोने वर ढकलते. वेटसूट कोरडा असतो, त्यात हवा अडकलेली असते. आणि पाय, नकळत, हलत असतात. उभ्या शरीराने फिन्स मारल्या की माणूस वरच जाणार. उपाय शिशात नाही. बीसीडीची हवा पूर्ण काढा, घोटे एकमेकांत अडकवा म्हणजे पाय गप्प बसतील, आणि श्वास पूर्ण, संथ, तळापर्यंत सोडा. दोन मीटर खाली गेलात की पुढचं सोपं.

आता जास्तीच्या तीन किलोंची किंमत बघू. ते तोलायला बीसीडीत तीन लिटर हवा घालावी लागते. २० मीटरवर ती नऊ लिटर झाली, म्हणजे गेजवर एक बारसुद्धा नाही. एवढ्याने सिलिंडर संपत नाही. खरी किंमत वेगळी आहे. कमरेला शिसं आणि छाती-पाठीला फुगलेलं जॅकेट, म्हणून पाय खाली जातात आणि डोकं वर येतं. अशा तिरक्या शरीराने मारलेली प्रत्येक किक थोडी पुढे आणि थोडी वर नेते. वर गेलं की जॅकेटमधली हवा फुगते आणि आणखी वर ओढते. मग हवा सोडायची, मग बुडायचं, मग परत हवा भरायची. जॅकेटमधला बुडबुडा जितका मोठा तितकी ही खाली-वर जास्त. तासभर हे चालू राहिलं की माणूस पाण्यात जिने चढून आल्यासारखा दमतो, आणि दमलेला माणूस धापा टाकणारच.

योग्य वजन ठरवायची खरी वेळ डाइव्हच्या शेवटी असते. कारण हवेलाही वजन आहे: भरलेल्या ॲल्युमिनियम ८० मध्ये अडीच किलोंपेक्षा जास्त हवा असते. भरलेला सिलिंडर समुद्रात पाऊण किलो जड असतो, रिकामा झाला की दोन किलोंनी तरंगायला बघतो. म्हणून सेफ्टी स्टॉपला (वर येताना घ्यायच्या तीन मिनिटांच्या थांब्याला) ५ मीटरवर, गेजवर ५० बारच्या आसपास असताना, नांगराचा दोर हाताशी ठेवून बीसीडी पूर्ण रिकामं करा आणि पाय स्थिर ठेवून नेहमीसारखा श्वास घ्या. जागेवर राहिलात, श्वास घेताना किंचित वर आणि सोडताना किंचित खाली, तर वजन बरोबर. बुडत असाल तर पुढच्या डाइव्हला एक किलो कमी करा. एका वेळी एकच किलो. दोर धरल्याशिवाय खाली राहता येत नसेल तर एक किलो वाढवा. सेफ्टी स्टॉप धरता न येणं हे जास्त वजनापेक्षा धोक्याचं.

डाइव्हच्या आधी मोजायचं झालं तर पाण्यावर उभं राहून, बीसीडी रिकामं करून, अर्धा श्वास धरल्यावर पाणी डोळ्यांच्या पातळीला यायला हवं आणि श्वास सोडल्यावर बुडायला हवं. ही चाचणी भरलेल्या सिलिंडरने केली असेल तर पुढे वापरल्या जाणाऱ्या हवेपोटी साधारण दोन किलो जोडा.

पुण्या-मुंबईच्या तलावात कोर्सचा पहिला भाग करून समुद्रावर जाणाऱ्यांनी तलावातला आकडा तसाच नेऊ नये. समुद्राचं पाणी गोड्या पाण्यापेक्षा सुमारे अडीच टक्के जड आहे. तुम्ही आणि तुमचं साहित्य मिळून १०० किलो असेल तर समुद्रात अडीच किलो जास्त लागतील. नव्या वेटसूटला, नव्या सिलिंडरला वजन परत तपासायचं आणि वहीत लिहून ठेवायचं. "मला किती लागतं?" हे गाईडला विचारण्यापेक्षा त्याला सांगता आलं पाहिजे.

आडवं व्हा, हात आवरा, हळू जा

पाणी हवेपेक्षा आठशे पटींनी दाट आहे. त्यातून वेग दुप्पट करायचा तर विरोध चौपट होतो आणि लागणारी ताकद आठपट. म्हणून डायव्हिंगमध्ये "थोडंसं भरभर" असं काही नसतं. कोकणात दृश्यता कमी असली की गाईडच्या फिन्स दिसेनाशा होतील या भीतीने लोक जोरात किक मारत राहतात. त्यापेक्षा गाईडच्या मागे रांगेत न जाता त्याच्या बाजूला, खांद्याला खांदा लावल्यासारखं पोहा. घाई करायची वेळच येत नाही.

शरीर आडवं राहण्यासाठी आधी वजनाची जागा बदला. कमरेचे एक-दोन किलो सिलिंडरच्या पट्ट्यावर वरच्या बाजूला सरकवले तर पाय बरेचदा आपोआप उचलले जातात. गुडघे वाकवून फिन्स मागे ठेवा, मान किंचित वर. सायकल चालवल्यासारखी किक असेल तर आधी ती सोडवा: मांडीपासून, लांब आणि संथ. जमल्यावर फ्रॉग किक शिका, बेडकासारखी. तिच्यात प्रत्येक किकनंतर घसरत जायला मिळतं आणि तळाची वाळूही उडत नाही. दोन किकच्या मध्ये मुद्दाम थांबा.

हातांचं काम पाण्यात जवळजवळ नाही. ते छातीजवळ एकमेकांत अडकवा. हात वल्ह्यांसारखे चालत असतील तर समजा तोल बिघडलेला आहे. हात बांधल्यावर कुठल्या बाजूला कलता तेही कळतं. कॅमेऱ्याबद्दल माझं मत थोडं कठोर आहे: दहा मीटरवर एका जागी पाच मिनिटं तरंगता येत नाही तोवर काठीला लावलेला कॅमेरा बोटीवरच राहू द्यावा. हवा तर जातेच, प्रवाळावर पायही पडतो.

प्रवाह असेल, आणि मुरुडेश्वरजवळच्या नेत्राणी बेटाला किंवा अंदमानातल्या खडकांवर तो असतोच, तर नांगराच्या दोराला धरून उतरा, सुरुवातीचा भाग प्रवाहाविरुद्ध करा आणि परतताना प्रवाहासोबत या. तळाजवळ, खडकाच्या आडोशाला पाणी संथ असतं.

श्वास: रेचक लांबवा, कुंभक विसरा

शेवटी श्वासाकडे येऊ. नाकातोंडातून फुप्फुसापर्यंतच्या नळ्यांत सुमारे १५० मिलिलिटर हवा नुसतीच ये-जा करते, तिचा उपयोग होत नाही. मिनिटाला ६ लिटर हवा दोन प्रकारे घेता येईल. अर्ध्या लिटरचे १२ श्वास घेतले तर प्रत्येकातून ३५० मिलिलिटर कामी येते, एकूण ४.२ लिटर. पाव लिटरचे २४ श्वास घेतले तर प्रत्येकातून फक्त १००, एकूण २.४ लिटर. सिलिंडरमधून तेवढीच हवा गेली, शरीराला मिळाली निम्म्याच्या जरा वर. शिवाय खोलवर हवा दाट होते आणि भरभर ओढायला जड जाते.

म्हणून श्वास मोठा आणि संथ हवा. चार-पाच मोजत घ्या, सहा-सात मोजत सोडा. सोडण्याकडे लक्ष जास्त द्या, कारण श्वास घ्यायची उबळ मुख्यतः साठलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे येते, ऑक्सिजन कमी झाल्यामुळे नव्हे. तो नीट बाहेर गेला की पुढच्या श्वासाची घाई राहत नाही.

प्राणायाम करणाऱ्यांना हे लवकर जमतं, पण धोकाही त्यांनाच जास्त. पूरक आणि रेचक पाण्यात न्या. कुंभक घरी ठेवा. श्वास धरून वर आलात तर फुप्फुसातली हवा फुगते: १० मीटरवरून वर येईपर्यंत दुप्पट. फुप्फुस फाटायला तेवढंही लागत नाही, दीड मीटरचा फरकही पुरतो. दोन श्वासांमध्ये मुद्दाम थांबून हवा वाचवणाऱ्यांच्या शरीरात कार्बन डायऑक्साइड साठतो. डोकं ठणकतं, विचार मंदावतो आणि खोलवरची नायट्रोजनची गुंगी वाढते. डाइव्हनंतर वरचेवर डोकं दुखत असेल तर आधी याचा संशय घ्या.

धाप लागली तर पोहत राहून ती आवरत नाही. थांबा, बडीला खूण करा, दोर किंवा मेलेला खडक धरा, तीन-चार लांब श्वास सोडा. मग पुढे.

थंडीचंही इथेच सांगतो. पाणी हवेच्या पंचवीसेक पट वेगाने अंगातली ऊब नेतं, म्हणून २७ अंशांच्या पाण्यातही दुसऱ्या डाइव्हला कुडकुडायला होतं आणि सॅक चढतो. तीन मिलिमीटरच्या सूटखाली एक बनियन किंवा डोक्याला हूड, एवढ्याने फरक पडतो.

गाईडपेक्षा तीन मीटर वर

वरच्या सगळ्या गोष्टींना सराव लागतो. ही आजच करता येते: गट २० मीटरवर असेल आणि दिसत असेल तर तुम्ही १७ वर राहा. दाब ३ ऐवजी २.७, म्हणजे दहा टक्के हवा वाचली. सगळ्यात खोल भाग सुरुवातीला उरका आणि मग चढत चढत उथळ भागात या.

परतीची हवा कुणाची

"५० बारला वर" हा नियम उथळ पाण्यात ठीक आहे. खोलवर तो पुरत नाही, आणि हे मोजून बघितल्याशिवाय पटत नाही. समजा १८ मीटरवर बडीची हवा संपली आणि दोघं तुमच्याच सिलिंडरवर आलात. घाबरलेल्या प्रत्येकाचा सॅक २५ धरा, दोघांचा ५०. एक मिनिट सावरण्यात गेलं: १४० लिटर. मिनिटाला ९ मीटर वेगाने ५ मीटरपर्यंत चढायला दीड मिनिट: साधारण १६०. तीन मिनिटं सेफ्टी स्टॉप: २२५. शेवटचे ५ मीटर सावकाश, मिनिटभरात: साठेक. एकूण ५९० च्या आसपास, म्हणजे ५३ बार. तळ सोडताना गेजवर ६० हवेत. हेच ३० मीटरवरून मोजलं तर ८० बार येतात.

ही हवा तुमची नाही, बडीची आहे. तिच्यातून पाच मिनिटं जास्त मासे बघायचे नाहीत. बोटीवरच गाईडला तुमचा सॅक सांगा, १०० बारला आणि ठरलेल्या आकड्याला खूण करीन म्हणून सांगा, आणि ज्याची हवा जास्त लागते त्याच्या हिशेबाने डाइव्ह आखा. फरक फार असेल आणि सेंटरवर १५ लिटरचा सिलिंडर असेल तर तो मागायला संकोच करू नका. गाईडला दर डाइव्हला तुमच्यासाठी सगळ्यांना वर आणायला लावण्यापेक्षा ते बरं.

सॅक उतरायला लागला की वेगळी अडचण येते. १८ लिटरवाल्याला ३० मीटरवर २३ मिनिटांची हवा होती. १३ वर आलेल्याला ३२ मिनिटं मिळतात. पण पॅडी या डायव्हिंग शिकवणाऱ्या संस्थेच्या तक्त्यात ३० मीटरला डीकॉम्प्रेशनशिवाय (वर येताना सक्तीचे थांबे न घेता) थांबायची मर्यादा २० मिनिटांची आहे, १८ मीटरला ५६. आतापर्यंत हवाच आधी संपायची, म्हणून ही मर्यादा कधी आडवी आली नव्हती. आता गेजवर ११० बार दिसत असतानाही कॉम्प्युटर वर जायला सांगेल, आणि त्या वेळी कॉम्प्युटरचं ऐकायचं.